पेटारी रविवारी सोडतात

जबाब
दिनांक २ सप्टेंबर २०२३, शनिवार

नाव बिभीषण सखाराम रुपनर, वय ४९ वर्षे, धंदा चौकीदारी, पूर्वी मेंढपाळी, शिक्षण सातवी, राहणार चितेगाव, पैठण रोड. मूळ गाव सोयगाव तालुक्यात.

पोलीस ठाण्यातून निरोप आल्यावरून मी आज सकाळी स्वतः हजर झालो आहे. मला जे विचारले त्याचे उत्तर कोणाच्या दडपणाशिवाय देतो, ते असे की,

मी वरील ठिकाणी पत्नी शीला व मुलगी सुकेशनी यांच्यासह राहतो. घर पत्र्याचे आहे, पण स्वतःचे आहे. चितेगावातील एका कंपनीच्या मागच्या फाटकावर मी चौकीदार आहे. पुढच्या फाटकावर दुसरा माणूस असतो.

त्रिंबक पुंजाराम रुपनर हा माझा सख्खा चुलतभाऊ असून माझ्यापेक्षा वयाने थोडा मोठा आहे. त्याने काल या ठाण्यात तक्रार दिली आहे. त्याची मुलगी तनुजा हिची निळी प्लास्टिकची फाईल घरातून नाहीशी झाली, त्यात तिचे सर्व मूळ दाखले होते, आज सायंकाळी पाचच्या आत ते दाखवले नाहीत तर तिचा प्रवेश जातो आणि त्याचा संशय माझ्यावर आहे, अशी ती तक्रार आहे. ती मला वाचून दाखवली. संशयाचे कारण त्याने असे दिले आहे की तनुजाची जागा गेली तर ती माझ्या मुलीला मिळते. हे कारण खरे आहे. जागा तिलाच मिळते.

त्रिंबकशी संबंध कसे आहेत असे विचारल्यावरून सांगतो. आम्ही दोघे एकाच कळपामागे वाढलो. २०१२ च्या दुष्काळात जनावरांच्या छावण्या निघाल्या, पण त्यांत मेंढ्या घेत नव्हते. त्या वर्षी त्रिंबकने आपल्या वाट्याच्या मेंढ्या विकल्या. मी विकल्या नाहीत. मेंढरू हे देवाचे धन आहे, पडत्या काळात त्याला बाजार दाखवू नये, असे माझे वडील सांगत. त्याचेही वडील तेच सांगत. मी माझा कळप घेऊन धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळात गेलो. पुढच्या दोन दुष्काळांत कळप संपला. कसा संपला याचा या कामाशी संबंध नाही.

त्रिंबकने पैठण रोडला शहराच्या कडेला प्लॉट घेतला. तेव्हा तो खडकाळ माळ होता. तो माळ मेंढ्या बसवायला मी शोधला होता आणि मीच त्याला दाखवला होता. आज त्याचा पाण्याचा हौद जिथे आहे तिथे माझी एक मेंढी जुळी व्यायली होती. हे मी त्याच्या वास्तुशांतीला बोलून गेलो. तो म्हणाला, "मंग काय बिभ्या, हौदाला मेंढीचं नाव देऊ?" जेवायला बसलेले सगळे हसले. मीही हसलो.

आता त्या माळावर कॉलनी झाली आहे आणि तिथे नळाला पाणी नाही. त्रिंबकचे पाण्याचे टँकर आहेत. दुष्काळ आम्हा दोघांच्याही घरी आला, त्याच्या घरी तो टँकर घेऊन आला. यंदाचाही ऑगस्ट कोरडा गेल्यामुळे त्याच्या गाड्या दिवसभर चालू असतात. त्याच्या घराला काळ्या घासलेल्या दगडाच्या पायऱ्या आहेत. दारावर तनुजाच्या नावाची पाटी आहे, त्याच्या स्वतःच्या नावाची नाही. घराचे वर्णन द्या असे हवालदारसाहेब म्हणाले म्हणून सांगितले. पुरे, एवढे नको, असे ते म्हणाले, म्हणून थांबलो.

आमचे भांडण कधीही झालेले नाही.

तनुजा आणि माझी मुलगी सुकेशनी या एकाच वर्षी बारावी झाल्या. तनुजा शहरात क्लासला जात होती. सुकेशनी दुपारी माझ्या चौकीत बाकावर बसून अभ्यास करीत असे, कारण तिथे पंखा आहे. दोघींनी शहरातील एका महाविद्यालयात दुग्धतंत्रज्ञानाच्या पदवीसाठी अर्ज केला. दुधाची परीक्षा करणे, ते टिकवणे, त्याचे पदार्थ बनवणे असा तो अभ्यास आहे. हे शिक्षण आधी माझ्या मुलीला सुचले होते. तनुजाने तिचे ऐकून ते घेतले. हे लिहून घ्यावे असे मी म्हणालो, त्यावरून लिहिले आहे. सुकेशनीचा अर्ज तनुजाने आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर भरून दिला, फोटोही तिनेच काढून लावला. हेही खरे आहे.

प्रवेशाची रीत मला मुलीने समजावली ती सांगतो. गुणांप्रमाणे यादी लागते आणि फेऱ्या होतात. ज्याचे नाव लागले त्याने मुदतीत मूळ कागद घेऊन हजर व्हायचे, नाही आला तर जागा खाली उतरते. पहिल्या फेऱ्यांत दोघींपैकी कोणाचेच नाव आले नाही. शेवटी महाविद्यालयाने उरलेल्या जागांची फेरी जाहीर केली. त्यात आमच्या प्रवर्गाची, म्हणजे भटक्या जमाती (क) ची, एकच जागा होती. त्या जागेसोबत मुलींच्या वसतिगृहात खोली मिळते. तनुजाला वसतिगृहाची गरज नाही. तिचे घर शहरातच आहे.

बुधवारी, म्हणजे राखीपौर्णिमेला, मी त्रिंबकच्या घरी का गेलो होतो असे विचारल्यावरून सांगतो. आमच्या दोन घरांत देव एकच आहेत. खंडोबा, म्हाळसा, बाणाई आणि बिरोबा यांचे टाक आजोबांपासून वेताच्या एका पेटारीत असतात. पेटारी एक वर्ष त्याच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे, आणि पाळी श्रावणातल्या पौर्णिमेला बदलते. देणारा पेटारीला काळ्या लोकरीची दोरी बांधतो. घेणारा ती डोक्यावर घेऊन अनवाणी नेतो आणि पुढच्या रविवारी तळी भरून मगच सोडतो. तोपर्यंत देव वाटेवर आहे असे आम्ही धरतो. पूर्वी दोन घरांचे मुक्काम लांब असत, पोचायला दिवस लागत, त्यावरून ही रीत पडली असावी. आता दोन्ही घरांमध्ये रिक्षा चालते, तरी रीत तीच आहे. वाटेवरच्या देवाला दिवा लावतात. पेटारीला मात्र रविवारआधी हात लावीत नाहीत. हा नेम मी कधी मोडलेला नाही.

त्या दिवशी घरात त्रिंबक, तनुजा आणि त्रिंबकची आई म्हाळसाबाई असे होते. म्हाळसाबाईंना मी मोठी माय म्हणतो. माझी आई मी लहान असताना वारली, तेव्हापासून त्यांनीच माझे केले. तनुजाने मला राखीच्या सणाची खीर दिली. "काका, उद्या यादी लागणार. सुकीला घेऊन या, दोघी संगंच बघू," असे ती म्हणाली. मी बरे म्हणालो. मोठ्या मायने पेटारी भरली आणि त्रिंबकने दोरी बांधली. दोरी बांधताना त्याचे लक्ष फोनवर होते. कोणीतरी टँकर मागत होते. गाठ सैल बसली म्हणून मी ती पुन्हा बांधली.

मी पेटारी डोक्यावर घेतल्यावर त्रिंबक म्हणाला, "अरे टँकर चितेगावलाच चाललाय. पुढं बस की. देवबी बसंल."

मी म्हणालो, "देव चालत जातो."

तो म्हणाला, "मंग चाल बाबा. जपून ने, देव हाय, खताची गोणी नाय."

मोठी माय मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्या मला काही बोलल्या. म्हातारं माणूस आहे, निघताना काहीतरी बोलतेच.

मी पैठण रोडने चालत आलो. रस्त्याच्या कडेला नव्या पाणीयोजनेचे मोठे पाईप टाकून ठेवले आहेत. माणूस उभा राहील एवढे ते पाईप आहेत आणि अजून कोरडेच आहेत. एकाच्या सावलीत मी थोडा वेळ थांबलो, पण पेटारी खाली टेकवली नाही. घरी आल्यावर ती देवळीत ठेवली. माझ्या हातात दुसरे काहीही नव्हते. हे रस्त्याने बघणारे लोक सांगतील.

गुरुवारी मी सुकेशनीला घेऊन महाविद्यालयात गेलो. यादी भिंतीवर लावली होती. मुली पुढे गेल्या. मी मागे उभा होतो, तिथून नावे वाचता येत नव्हती, पण कोणी आधी उडी मारली ते दिसले. तनुजाचे नाव वर होते आणि सुकेशनीचे त्याच्या खाली, प्रतीक्षेत. दोघींच्या गुणांत फरक अगदी थोडा होता. सुकेशनीने तनुजाच्या गळ्यात हात टाकला. ती खरोखर खूश दिसली. मला ते आवडले नाही, एवढेच सांगतो.

खिडकीवर एक बाई होत्या. त्रिंबकने त्यांना विचारले, "मॅडम, झेरॉक्सवर सही-शिक्का मारून आणला तर नाय का चालणार?" त्याने तेव्हा असेच विचारले होते, फाईल गेली हे त्याला अजून माहीत नव्हते. बाई म्हणाल्या, "नाही चालत. शाळा सोडल्याचा मूळ दाखला इथं जमा होतो. तो एकदाच मिळतो, म्हणून तोच लागतो. जातीचा, वैधतेचा, नॉन क्रीमीलेअरचा, सगळे मूळ दाखवायचे. शनिवारी पाचला खिडकी बंद." मी विचारले, "आन् पहिलं नाव आलं नाय तर?" बाईंनी माझ्याकडे बघितले आणि म्हणाल्या, "तर दुसरं पुकारू. पण दुसरीनं पाचला इथं समोर उभं असायला हवं, आपली फाईल घेऊन. नसली तर तिसरं." त्रिंबकनेही माझ्याकडे बघितले. मी माहिती म्हणून विचारले होते.

परत येताना त्याने आम्हाला गुलमंडीत नेऊन पेढे घेतले. दुकानदाराला तो सांगत होता, "दोन पोरी हायेत, एकीचं झालं, दुसरीचंबी व्हईल." सुकेशनीसाठीही एक पुडा घेतला. तो पुडा अजून तसाच आहे. शीलाला गोड चालत नाही.

त्याच दिवशी सायंकाळी त्यांनी कपाट उघडले तेव्हा फाईल नव्हती, असे त्रिंबक सांगतो. मला त्याबद्दल माहिती नाही, कारण मी तिथे नव्हतो. मोठी माय गुरुवारी पहाटेच आपल्या मुलीकडे, कडूबाईकडे, सोयगावला गेल्या. त्यांना फाईलबद्दल कोणी विचारले का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. माझ्या माहितीप्रमाणे कोणी विचारले नाही. त्यांना अक्षरओळख नाही. घरातले कागद हरवले तर त्यांना कोणी विचारत नाही.

शुक्रवारी सकाळी त्रिंबक माझ्या घरी आला. सोबत तनुजा होती. ती दाराबाहेरच उभी राहिली, आत ये म्हटले तरी आली नाही. तिचे डोळे सुजलेले होते. त्यानंतरचे बोलणे जसे झाले तसे सांगतो.

त्रिंबक म्हणाला, "बिभ्या, फाईल दे."

मी म्हणालो, "कोणची फाईल?"

"आता येड पांघरू नको. बुधवारी घरात तुझ्याबिगर कोण आलं व्हतं?"

शीला म्हणाली, "भावजी, घर मोकळं हाय, बघा की. आमच्या घरात लपवायला कोपरा तरी कुठंय? चार पत्रे अन् एक पेटी."

त्याने पेटी बघितली, अंथरूण बघितले, पिठाच्या डब्याचे झाकणही काढले. शीला म्हणाली, "डब्यात हात घाला भावजी, पीठ जुनंच हाय." मग तो देवळीपुढे आला. तिथे पेटारी होती. त्याने चप्पल काढली, हात जोडले आणि मागे वळला.

दारात जाऊन तो म्हणाला, "तुला माझं कधीच बघवलं नाय. मेंढ्या इकल्या तवा नाय, पलाट घेतला तवा नाय. पण ही माझी नाय रे, पोरीची हाय. पोरीवर तरी डूख धरू नको."

मी पिठाच्या डब्याचे झाकण परत लावले.

तो म्हणाला, "उचल भंडारा. घे आण."

मी देवळीतला भंडारा हातात घेतला आणि म्हणालो, "तनुजाची फाईल मी तुझ्या घरातून चोरली नाय." ही शपथ खरी आहे. मी देवाचे खोटे नाव घेत नाही, हे त्रिंबकलाही माहीत आहे, म्हणूनच तो तेवढ्यावर निघून गेला. जाताना तनुजा शीलाला म्हणाली, "काकू, घावली तर फोन करा." तिला असे म्हणायचे कारण नव्हते.

दाखला दुसरा काढण्यासाठी त्यांनी शाळेत चौकशी केली, पण त्याला पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज लागतो आणि तो एका दिवसात होत नाही, असे मला सुकेशनीकडून कळले.

शुक्रवारी सायंकाळी सुकेशनीने तिची स्वतःची फाईल लावली. ती माझ्याजवळ देऊन म्हणाली, "आबा, ही देवाखाली ठेवा." आमच्यात नवीन कातर असो, लेकराचे पहिले अंगडे असो, कशाचीही सुरुवात करायची तर ते आधी देवाखाली ठेवतात. त्रिंबकच्या घरात ही पद्धत आता फक्त मोठी माय पाळतात, त्याला तिचे हसू येते. मी सुकेशनीला सांगितले की पेटारी बांधलेली आहे, रविवारशिवाय सुटत नाही. मग तिची फाईल मी पेटारीवर ठेवली. आज सकाळी ती तिने तिथून उचलली, पेटारीला हात जोडले आणि महाविद्यालयात गेली. पाच वाजता खिडकीसमोर उभी राहा, असे मी तिला सांगितले आहे. तशी प्रवेशाची रीतच आहे.

तनुजाची फाईल मी तिच्या घरातून चोरलेली नाही. माझा कोणावर संशय नाही.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. त्यात मी सांगितले नाही असे काही लिहिलेले नाही.

पुरवणी जबाब
त्याच दिवशी, त्याच ठिकाणी

मी बिभीषण सखाराम रुपनर, माझ्याच इच्छेने पुढे सांगतो की, वरील जबाब वाचून झाल्यावर हवालदारसाहेबांनी सहीसाठी पेन माझ्यापुढे केले आणि हसत म्हणाले, "रुपनर, हा फाईलचा जबाब हाय का पेटारीचा? माझा हात दुखला पेटारी लिहून." त्यांनी ते सहज म्हटले. मी पेन घेतले आणि परत ठेवले. वरच्या जबाबात खोटे काही नाही. पण त्यात एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मी ती राहू दिली आहे.

बुधवारी मोठी माय मला फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्या काय बोलल्या ते मी वर सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "बिभीषणा, तनीचे कागद म्या देवाखाली ठिवलेत बरं का. यादी लागायची हाय ना तिची. त्रिंबकला सांगितलं तर हसंल मला. तू देवाचा माणूस हायेस. आईतवारी पेटारी सोडशील तवा पोरीच्या हातात दे." त्यांना शनिवारच्या मुदतीची माहिती नव्हती. तेव्हा यादीच लागली नव्हती. त्यांनी त्यांच्या समजुतीप्रमाणे पोरीचे चांगलेच केले.

म्हणजे तनुजाची निळी फाईल बुधवारपासून माझ्या घरात, देवळीत, पेटारीच्या तळाशी घोंगडीच्या तुकड्याखाली आहे. ती मी चोरली नाही, पण ती माझ्याच डोक्यावरून आली आणि ती तिथे आहे हे मला त्या वेळेपासून माहीत होते. त्रिंबकने काल ज्या पेटारीला हात जोडले तिच्यातच ती होती. मी भंडारा हातात घेऊन जी शपथ घेतली ती शब्द निवडून घेतली.

खिडकीवरच्या बाईंनी शनिवार म्हटले तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आले की पेटारी रविवारी सुटते. मी काहीच करायचे नव्हते. फक्त नेम पाळायचा होता. आयुष्यभर मी नेम पाळले आणि त्याचे मला काही मिळाले नाही, आणि ज्याने पाळले नाहीत त्याच्या घरी सगळे मिळत गेले. या वेळी देवानेच हिशेब जुळवला, असे मी स्वतःला सांगितले. गुरुवारी आणि शुक्रवारी मी देवळीत दिवा लावला, पण हात जोडले नाहीत. शीलाला यातले काही माहीत नाही. सुकेशनीलाही नाही. तिने तिची फाईल देवाखाली ठेवायला दिली तेव्हा मला ती वर ठेवावी लागली, कारण खालची जागा भरलेली होती.

हे ऐकल्यावर हवालदारसाहेबांनी पुढील वाक्य लिहिले होते : "रविवारपूर्वी पेटारी न उघडण्याच्या धार्मिक नेमामुळे मी ही बाब सांगितली नाही." त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच लिहिले. "असं असलं म्हणजे तुमच्यावर काही येत नाय, म्हातारीचाही शब्द तसाच होता," असे ते म्हणाले. ते वाक्य मी खोडायला लावले आहे. मी नेमामुळे गप्प बसलो नाही. वाटेत लेकरू आडवे आले तर पालखीसुद्धा थांबवतात, देवाला ते कळते, आणि हे मला माझ्या वडिलांनीच सांगितले होते. मी त्रिंबकमुळे गप्प बसलो. हे देवाच्या नावावर घालू नये. खोडलेल्या ओळीशेजारी माझी सही आहे.

पेटारी घेणाऱ्याने सोडायची असते, म्हणून ती मीच सोडीन. पोलिसांनी किंवा त्रिंबकने दोरीला हात लावू नये. पंच पाहिजेत तर दारात उभे राहावेत आणि चप्पल बाहेर काढावी. रविवारआधी सोडल्याचा दोष माझा एकट्याचा आहे, मोठ्या मायचा किंवा तनुजाचा नाही. उद्या मी शहरालगतच्या सातारा परिसरातल्या खंडोबाला अनवाणी जाऊन तो त्याच्यापुढे ठेवीन. फाईल तनुजाच्या हातात द्यावी, त्रिंबकच्या हातात नाही, कारण मोठ्या मायने मला तसे सांगितले होते. मोठ्या मायला या ठाण्यात बोलावू नये.

यानंतर त्रिंबकबद्दल तुमचे मन स्वच्छ झाले का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. झालेले नाही. त्याचा टँकर दारावरून गेला की मला आजही जे होते ते उद्याही होईल. हे लिहायला हरकत नाही.

अजून दुपार झालेली नाही. चितेगावहून महाविद्यालयापर्यंत गाडीने पोचायला वेळ आहे. त्रिंबकची गाडी सर्वांत जवळ आहे, त्याला पोलिसांनी फोन केला तरी चालेल.

सुकेशनी महाविद्यालयात खिडकीसमोर बसली आहे. दुसरे नाव पुकारले की हात वर कर, असे मी तिला सकाळी सांगितले आहे. तिला फोन पोलिसांनी करू नये. तो मी करीन. अजून केलेला नाही.

वरील जबाब व ही पुरवणी मला पहिल्यापासून वाचून दाखवली. आता ती पुरी आहे, म्हणून सही करतो.

बिभीषण सखाराम रुपनर